अनिल अवचट आणि आमची निपाणी

निपाणी म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला सीमाप्रश्न आठवतो. १ नोव्हेंबर १९५६, काळा दिन, १७ जानेवारीचे हुतात्मे, न्यायालयातला दावा. त्यापलीकडं फार तर कोल्हापूरहून बेळगावकडं जाताना लागणारा कोगनोळीचा टोलनाका आणि तवंदीचा घाट. हे सगळं आमचंच आहे. आमच्या घरातली माणसं त्यासाठी मोर्चात चाललीत, आणि कर्नाटकात मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवताना मी रोज त्या प्रश्नाच्या आतच असते. पण या गावाचं पोट ज्या तंबाखूवर चाललं, ती चाळणाऱ्या, बडवणाऱ्या, तिच्या विड्या वळणाऱ्या बायांकडं बघायला बाहेरून कोण आलं? थोडे लोक आले. त्यातले एक डॉ. अनिल अवचट. त्यांच्या पुस्तकांच्या यादीत एक नाव आहे, ‘अंधेरनगरी निपाणी’. आमच्या गावाचं नाव मराठी पुस्तकावर, आणि तेही सीमेसाठी नाही, वखारीसाठी. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. आज ज्यांची पोरं माझ्या वर्गात बसतात त्यांतल्या बहुतेकांना ती माहीतही नाही, म्हणून हे लिहिते आहे.

अवचटांचा जन्म २६ ऑगस्ट १९४४ चा, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचा. चित्रकार सुभाष अवचट हे त्यांचे धाकटे भाऊ. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून ते एम.बी.बी.एस. झाले, पण दवाखान्याची पाटी लावून आयुष्य काढायचं हे त्यांच्या नशिबात नव्हतं. बिहारात दुष्काळ पडला होता, तिथं ते गेले, आणि जे बघितलं त्यातून ‘पूर्णिया’ हे पहिलं पुस्तक झालं. १९६९ चं. पंचविशीतला डॉक्टर, हातात पदवी, आणि पहिलं लिखाण कुठलं तर उपाशी माणसांचं. त्याच सुमारास युवक क्रांती दल, बाबा आढावांच्या चळवळी, साधना परिवार अशा माणसांत ते मिसळले. ‘साधना’च्या १५ ऑगस्ट १९७२ च्या ज्या अंकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला आणि महाराष्ट्रभर रान उठलं, त्या अंकाच्या संपादनामागं अवचटच होते. शांत, हसतमुख, बासरी वाजवणारा, कागदाच्या घड्या घालून पोरांना मोर करून देणारा म्हातारा ही त्यांची पुढची प्रतिमा. तिच्या आत हा माणूसही होता, हे विसरू नये.

मग पुस्तकांमागून पुस्तकं आली. ‘वेध’, ‘छेद’, ‘माणसं’, ‘संभ्रम’, ‘कोंडमारा’, ‘वाघ्या मुरळी’, ‘धार्मिक’, ‘गर्द’. हमाल, हळदीच्या कारखान्यातल्या बाया, दुष्काळानं गाव सोडून शहराच्या कडेला येऊन पडलेली माणसं, देवाला सोडलेल्या मुली, बुवांच्या रांगेत उभे राहिलेले सुशिक्षित. मराठी साहित्यात तोवर ही माणसं कथा-कादंबरीत पात्रं म्हणून येत, नाहीतर वर्तमानपत्रात आकडे म्हणून. अवचटांनी त्यांना खऱ्या नावागावासकट, खऱ्या हिशेबासकट आणलं. याला रिपोर्ताज म्हणतात. मराठीत हा प्रकार त्यांनी असा रुजवला की नंतर ज्याला ज्याला एखादी वस्ती, एखादा धंदा बघून लिहायचं होतं, त्याला अवचटांच्या वाटेवरून जावंच लागलं.

ते लिहितात कसं, यावर मी वर्गात तासच्या तास घेऊ शकते. वाक्यं लहान. विशेषणं जवळजवळ नाहीत. ‘मी’ असतो, पण तो मिरवायला नसतो. तो ‘मी’ काही माहीत नसलेला, विचारणारा. किती वाजता उठता? घरून निघताना काय खाता? पोर कुणाकडं ठेवता? किती मिळतात? त्यातले कापून किती जातात? कोण कापतं? पेशंट समोर बसल्यावर चांगला डॉक्टर जसा कुठं दुखतं, कधीपासून, काय खाल्लं होतं असं एकेक विचारत आत जातो, तसं त्यांचं चालतं. वैद्यकी सोडली म्हणतात, पण ही सवय काही त्यांनी सोडली नाही. उत्तर आलं की ते फक्त उतरवून ठेवतात. त्यावर डोळ्यांत पाणी आणणारं वाक्य चढवत नाहीत. बाई हसून सांगत असेल तर तिचं हसणंही तसंच ठेवतात. वाचणाऱ्याला घाम फुटतो तो त्या हिशेबानं.

आणि वखारीचं काम असं आहे की त्याबद्दल विशेषण लावलं की ते लहान होतं. माझी आज्जी वखारीत जायची. निपाणीचा तंबाखू हा विडीचा तंबाखू. पावसाळ्यात रोप लावायचं, शेंडे खुडायचे, फुटवे काढत राहायचं, आणि जानेवारी-फेब्रुवारीत कापून रानातच उन्हात वाळवायचं. तो वाळलेला माल वखारीत येतो. तिथं तो बडवायचा, चाळायचा, पानाचा चुरा वेगळा, काड्या वेगळ्या, भुकटी वेगळी. बंद जागा, वरून पत्रा, आणि हवेत तो तिखट धुरळा. मालाच्या दिवसांत वखारीच्या बोळातून नुसतं चालत गेलं तरी नवख्या माणसाला शिंका आणि ठसका आवरत नाही. बाया आत दिवसभर असत. नाकातोंडाला पदर आवळून बांधायचा, एवढंच संरक्षण. आज्जी घरी येऊन अंघोळ करायची, लुगडं वेगळं भिजवायची, तरी तिच्या कुशीत झोपलं की तोच वास. मला लहानपणी तो आज्जीचाच वास वाटायचा. तिला मिस्रीचीही सवय होती. भाजलेला तंबाखू डब्बीत, बोटावर घेऊन दातांना लावायची. वखारीतल्या बहुतेक बायांना ती होती. दिवसभर जे श्वासातून आत जातं तेच घरी आल्यावर दातांना लागतं, म्हणजे अंगाला त्याशिवाय चैनच पडत नाही. शेवटी तिला दम्यानं धरलं. तपासणाऱ्या डॉक्टरनं वयाचा दमा आहे म्हणून सांगितलं. कुठं काम करत होता आजीबाई, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

तो प्रश्न अवचट विचारतात. त्यांच्यावर माझा जीव का आहे, हे एका वाक्यात सांगायचं तर हेच.

आई वखारीत गेली नाही. ती घरात विड्या वळायची. शहरातल्या वाचकासाठी हे जरा सांगते, कारण विडी ओढणाऱ्यालाही ती कशी होते हे माहीत नसतं. टेंभुर्णीची पानं आदल्या रात्री पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा लहान चौकोनी साचा पानावर ठेवून कात्रीनं त्या मापात तुकडे कापायचे. मांडीवर सूप, सुपात जर्दा, म्हणजे विडीत भरायचा तंबाखू. तुकड्यात चिमूट पसरायची, दोन्ही हातांच्या बोटांनी गुंडाळायची, बारीक तोंडाकडं दोरा बांधायचा आणि रुंद तोंड नखानं आत मोडून बंद करायचं. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांमागं. संध्याकाळी सूप घेऊन माल द्यायला गेलं की तिथला माणूस कट्टे उलगडून बघणार आणि काही विड्या बाजूला काढणार. ही छाट. छाटीची मजुरी नाही, आणि विडी परतही नाही. पानं कमी पडली तर ती पदरच्या पैशानं आणायची. मी शाळेतून आल्यावर दोरे बांधायला बसायची, तेव्हा आईचं तोंड घरी परत आल्यावर कसं आहे त्यावरून त्या दिवशी छाट किती गेली ते कळायचं.

म्हणून ‘माणसं’ पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मी ते साहित्य म्हणून वाचूच शकले नाही. कॉलेजला होते, अर्जुननगरला. आमच्याकडची गंमत अशी की निपाणीच्या पोरांचं देवचंद कॉलेज हे हद्दीच्या पलीकडं, कोल्हापूर जिल्ह्यात, कागल तालुक्यात आहे. घर कर्नाटकात, पदवी शिवाजी विद्यापीठाची. तिथल्या ग्रंथालयात ते पुस्तक मिळालं. कामाचे तपशील पुस्तकात छापण्यासारखे असतात, हमालाच्या पाठीवरचं ओझं किती आणि त्याचे पैसे किती हे वाङ्मय असू शकतं, हे मला तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं. अभ्यासक्रमात आम्हाला ललित गद्य म्हणून पाऊस, चांदणं आणि आजोळ होतं. तेही चांगलंच होतं. पण आमच्या घरातला जर्दा त्यात नव्हता.

निपाणीत त्या काळात काय पेटलं होतं हे समजून घेतल्याशिवाय अवचटांचं इकडं येणं नीट कळत नाही. तंबाखूच्या धंद्यात मध्ये बसायचा व्यापारी. शेतकऱ्याचा माल तो आपल्या भावानं घेणार, वजनात, पैसे देण्याच्या तारखेत शेतकऱ्यानं काही बोलायचं नाही. आणि तोच माल वखारीत ज्या बाया साफ करणार, त्यांची मजुरीही तोच ठरवणार. एकाच माणसासमोर दोन्हीकडून हात पसरलेले. बायांना संघटित करण्याचं काम देवचंद कॉलेजात शिकवणारे प्रा. सुभाष जोशी यांनी उभं केलं. ते पुढं इथून आमदारही झाले. आणि शेतकऱ्यांच्या बाजूनं शरद जोशींचं आंदोलन आलं. १४ मार्च १९८१ पासून शेतकरी निपाणीजवळ पुणे-बेंगळूर महामार्गावर येऊन बसले, तिथंच चुली मांडल्या, त्या जागेचं नावच आंदोलननगर पडलं. ६ एप्रिलला पोलिसांनी ते मोडून काढलं, गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. आमच्या गावात आजही ६ एप्रिल म्हटलं की जुनी माणसं बोलायची थांबतात.

या दोन चळवळींत माझं मन कायम बायांच्या बाजूला जास्त ओढलं जातं. शेतकऱ्यांचं आंदोलन देशानं पाहिलं, त्यावर भरपूर लिहिलं गेलं. बायांची लढाई मात्र थोड्यांनीच लिहून ठेवली. अवचटांनी मराठीत. छाया दातार यांनी इंग्रजीत, त्यांचं निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांच्या संघटनेवरचं पुस्तक १९८९ ला आलं. आणि दीपा धनराज, नवरोज काँट्रॅक्टर यांच्या युगांतर या गटानं इथल्या बायांमध्ये काही महिने राहून १९८२ साली ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा छोटा माहितीपट केला. तो आता नीट दुरुस्त होऊन इंटरनेटवर बघायला मिळतो. मी तो आईला मोबाईलवर दाखवला. चष्मा लावून, मोबाईल अगदी नाकाजवळ धरून तिनं तो बघितला. मध्येच थांबवायला लावून म्हणाली, “ह्या बाया बघ कशा फाडफाड बोलाल्यात. आमी घरात बसून वळत होतो, आमास्नी कोन इचारायला आलंच न्हाई.” खरं आहे ते. वखारीत शंभर बाया एका छपराखाली असतात, त्यांची संघटना होते. घरोघरी सूप घेऊन बसलेल्या बाईला शेजारणीची छाट किती गेली हेसुद्धा कळत नाही.

अवचटांच्या घरची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्याशिवाय ही पुस्तकं झालीच नसती. त्यांची पत्नी डॉ. सुनंदा (घरात अनिता) येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करत होत्या. घर त्यांच्या पगारावर चालायचं आणि अवचट लिहायचे, फिरायचे, घरी असले की मुलींचं बघायचे, स्वयंपाक करायचे. मुली, मुक्ता आणि यशोदा, महापालिकेच्या शाळेत शिकल्या. हे सगळं त्यांनी ‘स्वतःविषयी’ मध्ये मोकळेपणानं लिहिलंय. कमवणारी बाई आणि घर सांभाळणारा पुरुष ही त्या पिढीत किती अवघड गोष्ट होती, हे आमच्यासारख्या गावातल्या बाईला विचारा. आमच्या गल्लीत बायका वखारीत कमवायच्या, घरचंही करायच्या, आणि पैसे मात्र दुसऱ्याच्या हातात जायचे. सुनंदाबाईंनी नवऱ्याला लिहिण्यासाठी आयुष्य मोकळं करून दिलं, आणि नवऱ्यानं ते कधी लपवलं नाही. मला वाटतं, बायांच्या कामाचा हिशेब त्यांना इतका अचूक दिसायचा त्याचं एक कारण हेही असणार. घरातल्या भाकरीचं मोल ज्याला स्वतःच्या हातानं कळलंय, तो दुसऱ्याच्या चुलीसमोर बसला की त्याची नजर वेगळी असते.

‘गर्द’ हे त्यांचं लिखाण ब्राऊन शुगरच्या विळख्यात सापडलेल्या पोरांवरचं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, पुढं आले, आणि त्यातून २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. सुनंदाबाईंनी ते उभं केलं. १९९७ मध्ये त्या कर्करोगानं गेल्या, आता मुक्ता पुणतांबेकर ते काम बघतात. लेखानं संस्था जन्माला घालावी असं मराठीत फार वेळा झालेलं नाही. तिथं आलेली माणसं अवचटांना ‘बाबा’ म्हणायची.

इथं निपाणीच्या माणसाच्या मनात एक गाठ बसते, आणि ती मी टाळणार नाही. एकाच लेखकाच्या आयुष्यात एकीकडं तंबाखू कामगारांच्या मजुरीचा प्रश्न आहे आणि दुसरीकडं व्यसनाचा. तंबाखू बंद झाला तर आमच्या बायांनी काय खायचं? आणि तो चालू राहिला तर तो माणसं मारणारच, वखारीतली आधी. शाळेत तंबाखूविरोधी दिनाची शपथ आम्हीच पोरांना देतो. त्याच पोरांतल्या एखाद्याची आई घरी विड्या वळून त्याच्या वह्या आणत असते. शपथ घेताना एकदा एका मुलीनं हात पुढं केला नव्हता. मी तिला काही म्हणाले नाही. अवचटांचं लिखाण मला या ठिकाणी आधार देतं, कारण त्यात धंद्याला पाठीशी घालणं नाही आणि धंद्यातल्या माणसाला दोषी धरणंही नाही. बाईची मजुरी वाढली पाहिजे, तिच्या नाकातोंडातला धुरळा थांबला पाहिजे, आणि तिच्या पोराला यातून बाहेर पडायला दुसरी वाट मिळाली पाहिजे. तिन्ही मागण्या एकदम करता येतात. एक केली म्हणून दुसरी सोडावी लागत नाही.

त्यांच्यावर नेहमीचा आक्षेप असा की ते प्रश्न मांडतात आणि निघून जातात, उत्तर देत नाहीत. साहित्य संमेलनाच्या मांडवांत हे मी अनेकदा ऐकलंय. आमच्याकडं हिवाळ्यात गावोगाव मराठी संमेलनं भरतात. कारदगा, कडोली, उचगाव, येळ्ळूर. बैलगाडीतून ग्रंथदिंडी निघते, गावजेवण असतं, आणि मांडवात बसलेल्या बाया खरंच शेवटपर्यंत ऐकतात. तिथं एका वक्त्यानं हा आक्षेप जोरात मांडला होता. मला तो पटत नाही. निपाणीत उत्तर शोधायचं काम संघटनेचं होतं आणि तिनं ते केलं. लेखकाचं काम एवढंच की उद्या कुणी ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं म्हणू शकू नये. ते काम त्यांनी पुरतं केलं.

मात्र वाचक म्हणून एक भूक उरते. पुढं काय झालं? त्या बायांच्या मुली आता काय करतात? वखारी किती उरल्या, तिथं आता काय आहे, विडी ओढणारेच कमी झाले तर वळणाऱ्यांचं काय? हे पुण्याहून येणाऱ्या माणसानं किती दिवस लिहायचं? ते निपाणीच्या माणसानंच लिहायला हवं. महादेव मोऱ्यांनी इथंच पिठाची गिरणी चालवत कथा-कादंबऱ्यांतून या गावाची माणसं जिवंत केली, त्यांचे उपकार आहेत. पण कथा वेगळी आणि विचारून, मोजून, नावानिशी लिहिलेलं वेगळं. त्याची आमच्याकडं फार वाण आहे. सीमाभागातलं मराठी लिखाण बघा. कविता उदंड, सीमालढ्याच्या आठवणी उदंड. भाषेवर आमचं एवढं प्रेम आहे, तर त्या भाषेत आमच्या कामाधंद्याचा हिशेब का नसावा? मराठी टिकायची असेल तर ती फलकावर दिसली पाहिजे हे खरंच, आणि हमालाचा, शिवणकाम करणाऱ्या बाईचा, ऊसतोडीला आलेल्या जोडप्याचा दिवसही त्याच भाषेत लिहिला गेला पाहिजे.

म्हणून गेल्या काही वर्षांपासून नववीच्या वर्गात निबंधाच्या जागी मी एक काम देते. घरातल्या किंवा गल्लीतल्या एका कष्टकरी माणसाला प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून आणायची. अट एकच, ‘बिचारी’, ‘कष्टाळू’, ‘प्रेमळ’ हे शब्द वापरायचे नाहीत. पोरं सुरुवातीला गडबडतात. एक जण येऊन म्हणाला, “बाई, आज्जी म्हनती, ह्यात काय हाय रं लिवन्यासारकं?” मी म्हटलं, तिचा हात बघून ये आणि काय दिसतंय ते लिही. दुसऱ्या दिवशी त्यानं वहीत लिहून आणलं होतं: “आज्जीनं अंगठ्याचं नख वाढवलंय. विडीचं तोंड बंद करायला ते लागतं. नख तुटलं तर ते परत येईपर्यंत विड्या कमी होतात. म्हणून आज्जी भांडी घासत नाही, आई घासते.” एवढंच. या चार ओळींत घरातल्या दोन बायांची कामाची वाटणी आहे, आणि ती एका नखावर ठरलीय. मी ही वही स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवली.

अवचटांची शेवटची काही वर्षांतली पुस्तकं मला तितकी धरून ठेवत नाहीत, हेही सांगते. झाडं, छंद, आठवणी, मित्र. गोडवा आहे, भाषा तीच स्वच्छ आहे, पण ‘माणसं’ वाचताना छातीवर जे दडपण येतं ते तिथं येत नाही. काही जण म्हणतात त्यांनी टोक घालवलं. मी तसं म्हणणार नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांची दुःखं ऐकलेल्या माणसाला लाकूड कोरत बसायचा, बासरी वाजवायचा हक्क असतोच. आणि त्या छंदांच्या पुस्तकांतही तीच सवय आहे: हे कसं होतं, कुणी शिकवलं, आधी काय करायचं. मुलांसाठी लिहिलेल्या ‘सृष्टीत गोष्टीत’ला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ते माझ्या वर्गात फाटेपर्यंत वाचलं गेलंय. पण मला एकच पुस्तक ठेवायला सांगितलं तर मी ‘माणसं’ ठेवेन. २७ जानेवारी २०२२ ला अवचट पुण्यात वारले. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून जे आलं त्यात ओरिगामी आणि मुक्तांगण भरपूर होतं. निपाणी मला कुठं दिसली नाही.

आमच्या भागातल्या कुणाला सुरुवात करायची असेल तर आधी ‘माणसं’ घ्या, मग ‘स्वतःविषयी’, मग ‘गर्द’ आणि ‘मुक्तांगणची गोष्ट’ एकापाठोपाठ. ‘रिपोर्टिंगचे दिवस’ ज्याला स्वतः लिहायचंय त्यानं जरूर वाचावं. बेळगावकरांना १८४८ पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहेच. निपाणीतल्यांनी गावातल्या वाचनालयात विचारावं, आणि नसेल तर मागणीच्या वहीत नाव लिहून यावं. वहीत नावं वाढली की पुस्तक येतं, हा माझा अनुभव आहे.

यंदाच्या नववीचं काम अजून चालू आहे. एका मुलीनं मावशीवर लिहायला घेतलंय. मावशी पहाटे टेम्पोत बसून हद्द ओलांडून कागलच्या औद्योगिक वसाहतीत जाते. मुलीनं तिथं काय काम करते, उभं राहून करते की बसून, हे सगळं छान लिहिलंय. पण टेम्पोचं भाडं कोण देतं आणि आजारी पडली तर त्या दिवसाचे पैसे मिळतात का, हे विचारलेलं नाही. मी वहीच्या समासात तेवढे दोन प्रश्न लिहून दिलेत. मावशीला रविवारी सुट्टी असते, तेव्हा ती विचारून येणार आहे.